हिस्टरीचा शिक्का

एम.डी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एका अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या थोबाडीत मारली. एकदा नाही, दोनदा. पहिली त्यानं तोंड उघडावं म्हणून, आणि दुसरी माझा राग मला आवरेना म्हणून. आज माझ्या दवाखान्यात येणाऱ्या म्हाताऱ्या बायका 'डॉक्टरीणबाई किती शांत' असं एकमेकींना सांगतात, तेव्हा मी मान खाली घालून त्यांचं प्रेशर मोजत राहते.

मारायला मला कुणी शिकवलं नाही असं म्हणायची सोय नाही. मेडिसिनची रेसिडेन्सी तेव्हा मारूनच शिकवली जायची. आमच्या सिनियरकडे गुडघ्यावर ठोकायची ती रबरी हातोडी असायची. सकाळच्या राउंडला एखादा रिपोर्ट सांगता आला नाही की तिची दांड्याकडची लोखंडी बाजू बोटांच्या पेरांवर बसायची. केसपेपर तोंडावर फेकले जायचे. एकदा सलाईनचा स्टँड फेकला गेला, तो मला चुकवून भिंतीला लागला आणि वर 'हललीस कशाला?' म्हणून मीच बोलणी खाल्ली. माझ्याबरोबरचा एक मुलगा रोज राउंडच्या आधी बाथरूममध्ये जाऊन उलटी करून यायचा आणि मग तोंड पुसून रांगेत उभा राहायचा. मी उलटी करणाऱ्यांतली नव्हते. मी दौंडची, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, वडील मालगाडीवर गार्ड. राग लहानपणापासून नाकाच्या शेंड्यावर. सिनियरकडून मिळालेलं सगळं मी जसंच्या तसं खाली पोचवायची. इंटर्नला, मामांना, म्हणजे वॉर्डबॉयना, सिस्टरना आणि सगळ्यात शेवटी पेशंटला. पेशंटच्या खाली कुणी नसतं, त्यामुळे तिथं ते साचायचं.

पुण्याच्या आमच्या कॉलेजशी जोडलेलं एक लहानसं हॉस्पिटल दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांच्या मधे, भीमेच्या पुलापासून फार लांब नाही असं होतं. आता ते बंद पडलंय. प्रत्येक रेसिडेंटला तिथं चार महिने काढावे लागत. सिनियर दर गुरुवारी पुण्याहून यायचा. बाकी दिवस मी, एक इंटर्न, पाळीच्या सिस्टर आणि मामा. पाटसला साखर कारखान्याचा पट्टा पडून गाळप सुरू झालं की उसाच्या गाड्यांखाली सापडलेले यायचे, यवतजवळ हायवेवर आपटलेले यायचे, ते सर्जरीवाल्यांचे. आमच्या वाट्याला यायचे विष प्यालेले. घराघरात पिकावर मारायचं औषध फळीवर ठेवलेलं. भांडण झालं, परीक्षेत नापास झालं, सासू बोलली की हात तिकडे जायचा. एका आठवड्यात चार-चार. सगळ्यांच्या तोंडाला तोच फेस, डोळ्यांच्या बाहुल्या तशाच टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि हिस्टरी, म्हणजे केसपेपरवर लिहायची हकिगत, तीही तीच.

तीच ती हिस्टरी लिहून माझे हात दुखायला लागले. एका सुट्टीला घरी गेले होते, तेव्हा दौंडच्या बाजारात शिक्के बनवणाऱ्याकडे जाऊन मी एक रबरी शिक्का करायला टाकला. कागदावर त्याला वाक्य लिहून दिलं, 'पेशंटने स्वतःहून विषारी औषध प्राशन केले आहे असे नातेवाईक सांगतात.' तो म्हणाला, "म्याडम, लई लांब व्हतंय. दोन वळीत बसवायचं तर शेवटचं तीन शब्द काढा." मी काढले. 'असे नातेवाईक सांगतात' एवढेच तर गेले. पुढच्या गुरुवारी सिनियरनं तो शिक्का पाहिला, हातात घेऊन फिरवला आणि म्हणाला, "डोकं आहे तुला." अख्ख्या रेसिडेन्सीत त्यानं माझं केलेलं ते पहिलं कौतुक. मी दिवसभर हवेत होते.

जानेवारीतला सोमवार होता. सकाळी नऊच्या सुमाराला जीप आली आणि तिच्यातून चौघांनी एका तिशीच्या माणसाला चादरीत उचलून आत आणलं. तोंडातून फेस, अंग घामानं निथळतंय, मांड्यांचे स्नायू कातडीखाली उडतायत, बाहुल्या टाचणीएवढ्या. न्हावऱ्याच्या बाजूचं धनगराचं घर. आता कांदा लावतात, विहिरीवर मोटर आहे, पण वीस-पंचवीस मेंढरं अजून दारात. बरोबर त्याचा बाप, थोरली बहीण आणि बायको. बायको माझ्याच वयाची असेल, चोवीस-पंचवीसची.

"काय प्यायलाय?" मी विचारलं.

"पिलं न्हाई वो म्याडम," बायको म्हणाली. "त्येंनी काय पिलं न्हाई. काल मेंढरं धुतली गोचिडासाठनं. सकाळच्याला उठलं ते आसंच."

"भांडण झालं होतं का घरात?"

नणंद मागून म्हणाली, "झालं व्हतं की. माहेरच्या लग्नाला जायावरनं झालं व्हतं."

मला तेवढं पुरे होतं. मी पॅडवर शिक्का ठोकला आणि केसपेपरवर ठोकला. जांभळी शाई, दोन ओळी. मेंढरं धुतली हे वाक्य माझ्या कानावरून गेलं ते गेलंच.

पोट धुवायचं म्हणजे काय असतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी पाहू नये. बोटाएवढी जाड नळी तोंडातून पोटात घालायची, वरून पाणी ओतायचं, खालून काढायचं, पुन्हा ओतायचं. माणूस प्राण एकवटून दात मिटतो. मामांनी त्याचे पाय धरले, इंटर्ननं डोकं धरलं, आणि मी दातांच्या फटीत लाकडी पट्टी घालून पिळायला लागले. ओठ फाटला. रक्त आलं. बायको माझ्या दंडाला लोंबकळली, "नका वो, नका, त्येंनी पिलं न्हाई" म्हणून. मी कोपरानं तिला ढकललं. ती मागं ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर जाऊन आदळली, वाट्या खणखणत खाली पडल्या. मी वळूनही पाहिलं नाही.

"आ कर!" मी ओरडत होते. "आ कर म्हणते ना!" आणि त्याच्या गालावर मारली. तोंड उघडलं, नळी गेली. मग ती दुसरी. "मरायचं होतं तर आमच्या दारात कशाला आलास?" असं म्हणून मारली. नळी तर आत गेलेली होती. त्या दुसऱ्या थपडेला काही कारण नव्हतं. माझा तळहात झणझणला आणि क्षणभर मला बरं वाटलं, हे मी आता लिहिते आहे.

खालून जे पाणी आलं त्यात रात्रीच्या भाकरीचे तुकडे होते. औषधाचा वास नव्हता. ते मी पाहिलं आणि 'उशिरा आणलंय, पोटातून पुढे गेलं असणार' असं स्वतःला समजावून सोडून दिलं. कपडे कापून फेकले, साबणाच्या पाण्यानं अंग धुतलं, विषावर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपीनची इंजेक्शनं सुरू केली. बाहुल्या मोठ्या होईपर्यंत, तोंड कोरडं पडेपर्यंत देत राहायचं. बापाला भाकरी-कपडे आणायला जीपनं घरी धाडलं होतं, तो दुपारी परतला.

दुपारी तो माणूस पलंगावर हॉस्पिटलच्या पातळ चादरीखाली पडला होता, फाटका ओठ सुजून वर आलेला. खिडकीला काच नव्हती, थंडीनं त्याचे दात वाजत होते. बाप पायथ्याशी येऊन उभा राहिला. खांद्यावर काळं घोंगडं, हातात मेंढरामागची काठी. मला पाहून त्यानं काठी भिंतीला लावली आणि हात जोडले.

"डाक्तरीणबाई, घोंगडं तेवडं आसू द्या त्येच्या अंगावर. आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं हाय. देवापुडं ठिवून आनलंय. लेकरू गारठलंय."

नियम मला पाठ होता. विषाच्या पेशंटजवळ घरचं कापड येऊ द्यायचं नाही. पण नियम कशासाठी, तर औषध अंगावर सांडलेलं असेल म्हणून. हा तर प्यायलेला, माझ्याच शिक्क्यानं. आणि घोंगडं तर घरून नंतर आलेलं. शिवाय माझा तळहात अजून गरम होता आणि म्हाताऱ्याच्या लेकाचा ओठ माझ्या हातानं फाटला होता. मला लाज वाटत होती. मी म्हणाले, "घाला, आबा."

त्या दिवसात मी केलेली ती एकच दया. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

संध्याकाळपर्यंत बाहुल्या मोठ्या झाल्या, घाम थांबला. मी खुश. मंगळवारी सकाळी येऊन पाहते तर पुन्हा निथळतोय, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीएवढ्या. सिस्टरनं इंजेक्शनं चुकवली असणार म्हणून मी तिला सगळ्या वॉर्डासमोर झापलं. ती बिचारी "मॅडम, माझंच डोकं सकाळपासून गरगरतंय" म्हणाली, त्यावरूनही झापलं. डोस वाढवला. अ‍ॅट्रोपीन जास्त झालं की माणसाला भ्रम होतो. दुपारी तो सुटला. पलंगावरून उठून भिंतीला धडका घ्यायला लागला, हवेतून काहीतरी वेचून तोंडात घालायला लागला, बहिणीच्या अंगावर धावून गेला. मामांच्या मनगटाला त्यानं कडकडून चावा घेतला तो मांस निघेपर्यंत. आम्ही पाच जणांनी त्याला आडवा केला आणि बँडेजच्या पट्ट्यांनी हातपाय पलंगाच्या दांड्यांना बांधले. तो पट्ट्यांना हिसके देत होता, मनगटं सोलून निघत होती, आणि गारठू नये म्हणून बाप दर वेळी घसरलेलं घोंगडं उचलून त्याच्या ओल्या अंगावर नीट पसरत होता. ऊन वाटलं की काढायचा आणि स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा.

बुधवारी सकाळी तिसऱ्यांदा तेच. आता श्वासही उथळ झालेला. मी पुण्याला फोन लावला. सिनियर म्हणाला, "तीन दिवस तू करत्येस काय? पोटातलं संपलं असेल तर परत येतं कुठून? कुणी पाजतंय का त्याला?" आणि फोन आपटला.

मी वॉर्डात परत आले ती तोच प्रश्न तोंडात घेऊन. पलंगाभोवती सगळे होते, आसपासच्या पलंगांवरचे पेशंट होते. मी मोठ्यानं विचारलं, "याला कुणी काही पाजतंय का?"

सगळ्यांच्या माना एका बाजूला वळल्या. बायकोच्या हातात पितळी तांब्या होता, ती चमच्या-चमच्यानं त्याचे ओठ ओले करत होती. तीन दिवस तेच करत होती.

मी केबिनमध्ये अ‍ॅट्रोपीनचा हिशोब मांडत बसले तेव्हा मागच्या नळाकडून आवाज आले. खिडकीतून पाहिलं. नणंदेनं तिचे केस हाताला गुंडाळून तिला खाली पाडलं होतं, आणि म्हातारा काठी मारत होता. आडमुठ्या मेंढराला ज्या थंडपणानं मारावं, त्याच थंडपणानं. एक, दोन, तीन. तिनं डोकं वाचवायला हात वर धरला आणि चौथी काठी त्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला आत ऐकू आला. मी धावले, मामा धावले, सोडवलं. पण खिडकीतून पाहिल्यापासून धावेपर्यंत मी थोडा वेळ उभी राहिले होते. पाजत असेल तर बरोबरच आहे, असं माझ्या मनात आलं होतं.

डावा हात मनगटाच्या वर वाकडा झाला होता. मी फळी बांधली, इंटर्नकडून प्लास्टर घालून घेतलं. तिच्या नावाचा केसपेपर काढला तेव्हा नणंद शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "नळावर पाय घसारला तिचा." मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. खरं लिहिलं असतं तर पोलीस, जबाब, म्हाताऱ्याला घेऊन जाणं, वॉर्डात गोंधळ, आणि गुरुवारी सिनियर. मी लिहिलं, 'पाय घसरून पडल्याने.' त्याला शिक्का लागला नाही. हातानंच लिहिलं.

"माहेरी निरोप धाडू का?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "आत्ता गेले तर मीच पाजलं आसं व्हईल. हे उठू द्यात. मग मी जाईन."

दुपारी हवालदार आला. विषाची केस म्हटली की त्यांना यावंच लागायचं. त्यानं केसपेपर हातात घेऊन शिक्का मोठ्यानं वाचला, "पेशंटने स्वतःहून विषारी औषध प्राशन केले आहे," आणि बायकोकडे वळून म्हणाला, "काय बोलली व्हतीस गं तू त्याला?" जणू कागदावर उमटलं म्हणजे देवानंच सांगितलं. म्हाताऱ्याचं डोकं पुन्हा फिरलं. भिंतीची काठी उचलून तो तिच्यावर धावला. या वेळी मी मधे होते. मी त्याचं मनगट धरलं.

मनगट माझ्या हातातून निसटलं. इतकं ओलं होतं. जानेवारीतल्या थंडीत म्हातारा घामानं भिजलेला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यातून लाळेची तार, गालाचा स्नायू उडतोय, आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

या म्हाताऱ्यानं तर विष प्यायलं नव्हतं.

त्याच्या खांद्यावरचं घोंगडं मी ओढून घेतलं आणि त्यात तोंड खुपसलं. लोकरीचा वास, मेंढराचा वास, घामाचा, आणि त्या सगळ्याखाली तोच, फवारणीच्या डब्याचा. तीन दिवस ते घोंगडं माझ्यापासून हातभर अंतरावर होतं.

"आबा, हे कशात घातलं होतं?"

म्हाताऱ्याची जीभ जड झाली होती. "मेंढरं धुतल्यालं पानी उरलं व्हतं की बादलीत. औषदाचं. रातीच्याला पिसवा चावायच्या पोराला. म्या म्हनलं, वाया कशाला घालवायचं. मीच बुचकाळलं आन् उनाला टाकलं." मग लेकाच्या पलंगाकडं पाहून म्हणाला, "त्येच्यासाठनंच बुचकाळलं."

म्हणजे रविवारी पोरगा सकाळभर उघड्या हातांनी मेंढरं धुवत होता, आणि रात्री त्याच औषधात भिजवून वाळवलेलं घोंगडं पांघरून झोपला. सोमवारी मी त्याचं अंग साबणानं धुतलं, आणि दुपारी माझ्याच परवानगीनं तेच घोंगडं पुन्हा त्याच्या अंगावर आलं. घाम आला की लोकर ओली व्हायची, ओली झाली की औषध कातडीत उतरायचं. मी एका बाजूनं उतारा देत होते आणि दुसऱ्या बाजूनं विष.

ते घोंगडं बाहेर न्यायला लागले तर नणंद आडवी आली. देवाचं घोंगडं, ते असं ओढत न्यायचं नाही म्हणून. तिनं माझी वेणी धरली, मी तिच्या कानाखाली दिली, दोघी व्हरांड्यात खाली पडलो. मामांनी तिला उचलून बाजूला केलं. मागं राखेचा खड्डा होता त्यात मी घोंगडं टाकलं आणि वर माती लोटली. घामाचे हात पुन्हा पुन्हा धुतले.

तोवर म्हातारा कोसळला होता. त्याला लेकाच्या शेजारच्या पलंगावर घेतलं. तेच अ‍ॅट्रोपीन, तोच भ्रम, त्याच पट्ट्या. बांधलेल्या हातांनी तो मेंढरं हाकत होता, "हुर्रर्र, हुर्रर्र" करून सगळा वॉर्ड उठवत होता, आणि मधेच सुनेला शिव्या घालत होता.

लेकाचा श्वास संध्याकाळी थांबायला आला. घशात नळी घातली आणि रबरी पिशवी दाबून हवा भरायला लागलो, तिला तिथं सगळे फुगा म्हणत. आमच्याकडे मशीन नव्हतं. पुण्याला नेण्याइतका वेळ नव्हता. फुगा दाबायला नातेवाईक लागायचे, पाळीपाळीनं. नणंद दहा मिनिटांत रडायला लागली. म्हातारा बांधलेला. बायको स्टूल ओढून डोक्याशी बसली आणि उजव्या हातानं दाबायला लागली. डावा प्लास्टरमध्ये, छातीशी. मी तिला दाखवलं, आपण श्वास घेतो तेव्हा दाबायचं. ती स्वतः श्वास घेत होती आणि त्याला देत होती. मी आणि मामा मधे मधे घ्यायचो, पण ती फार वेळ द्यायची नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत बसली.

मधे गुरुवार येऊन गेला होता. सिनियर आला, त्यानं सगळं ऐकलं, म्हाताऱ्याच्या बाहुल्या टॉर्चनं पाहिल्या, आणि चक्क हसला. "कातडीतून! घोंगड्यातून! ही केस पुण्याला प्रेझेंट कर. स्लाईड बनव." फुगा दाबत बसलेल्या बाईकडे त्यानं पाहिलं नाही. मी पुढं ती केस प्रेझेंट केली. टाळ्या पडल्या. स्लाईडवर घोंगडं होतं, बाहुल्या होत्या, अ‍ॅट्रोपीनचा तक्ता होता.

दहाव्या दिवशी तो उठून बसला आणि तिनं भरवलेली भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. त्याला रविवार संध्याकाळनंतरचं काहीही आठवत नव्हतं. ओठावरची खपली चाचपत त्यानं विचारलं, "हे कशानं?" म्हातारा शेजारी शुद्धीवर होता, अशक्त, भिंतीकडे तोंड करून पडलेला. हवालदारालाही मी बोलावून घेतलं होतं. मला वाटत होतं, आता माझी बाजू मला मांडायची आहे आणि ती मी मांडणार आहे. मी त्याचा केसपेपर काढला, शिक्क्यावर आडवी रेघ मारली, खाली हातानं लिहिलं की याने विष प्यायलेलं नाही, औषध कातडीतून शरीरात गेलं, आणि सही केली. सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. नणंद पदर तोंडाला लावून रडायला लागली. मला छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. मी बायकोकडे पाहिलं. खरं सांगायचं तर ती काहीतरी चांगलं बोलेल असं मला वाटलं होतं.

तिनं तांब्या धुऊन पिशवीत घातला. लुगड्याची घडी घातली. मग माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"त्येंचा कागूद दुरुस्त केला," ती म्हणाली. "आता माजा काडा."

मला कळेना. "तुझा कसला?"

तिनं प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला. "ह्येचा."

हवालदार वही घेऊन उभाच होता. म्हाताऱ्यानं भिंतीकडचं तोंड वळवलं. नणंदेचं रडणं थांबलं. "अगं, आता कशाला, ते बी हातरुणात, आजारी मानूस," ती म्हणाली.

"मी पन आजारी हाय," बायको म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "तुमास्नी काय आठवत न्हाई. मला समदं आठवतंय. चार वाजता शिरूरची यष्टी हाय, त्येच्या आत लिवून व्हऊ द्या."

तिचा केसपेपर मी काढला. 'पाय घसरून पडल्याने.' माझंच अक्षर. हे खोडलं तर म्हाताऱ्यावर केस होणार होती, आणि खोटं लिहिल्याबद्दल माझी रेसिडेन्सी पणाला लागणार होती. सिनियरची हातोडी त्यापुढं काहीच नव्हती. मी रेघ मारली. पेनाचं टोपण काढूनच ठेवलं होतं, तरी मी ते शोधत बसले.

"सांग," मी म्हणाले. त्या चार महिन्यांत कुणाला तरी मी 'सांग' म्हणाले आणि उत्तर येईपर्यंत थांबले, असं ते पहिल्यांदाच. "कुणी मारलं?"

"पैल्यापासनं सांगते," ती म्हणाली. "सोमवारी सकाळच्याला डाक्तरीणबाईनं ढकाललं. ट्रालीवर आदाळले. ह्योच हात व्हता, तवापास्नं ठणकत व्हता. तितनं लिवा."

हवालदारानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी तिथून लिहिलं.